ब्रेकचा आवाज आणि ब्रेकची धूळ

युरोपीय संघाच्या ‘युरो ७’ नियमांनी मोटारीच्या प्रदूषणाचा हिशेब सायलेन्सरच्या पलीकडे नेला आहे. २९ नोव्हेंबर २०२६ पासून तिथे मंजुरीसाठी येणाऱ्या नव्या मॉडेलांना ब्रेकमधून उडणाऱ्या सूक्ष्म धुळीचीही मर्यादा आहे : किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, केवळ बॅटरीवरच्या मोटारींना ३. आपल्या बीएस-६ निकषांत ही धूळ मोजलीच जात नाही. आपले ब्रेककडे लक्ष जाते ते तो ओरडू लागला की. तेव्हाही आवाज बंद करून हवा असतो, तो का येतो हे विचारायला सवड नसते.

ब्रेक लावल्यावर पॅड डिस्कवर क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला हजारो वेळा होणाऱ्या या थरथरीने डिस्क घंटेसारखी वाजते. रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी करकरली तर काळजी नको. बिडाच्या डिस्कवर आलेला गंजाचा पातळ थर चार-सहा ब्रेकांत निघून जातो. इलेक्ट्रिक गाड्यांत हे अधिक दिसते, कारण वेग बराचसा मोटरच कमी करते आणि ब्रेक पडून राहतात.

पण रोजच बारीक ‘चीं’ ऐकू येत असेल तर पॅड पाहायलाच हवा. नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो दोन-तीन मिलिमीटर उरला की बऱ्याच पॅडवर मुद्दाम बसवलेली पोलादी पट्टी डिस्कला टेकते आणि ओरडते. तिकडे काणाडोळा केला तर पुढचा आवाज खरखरीचा. तेव्हा लोखंडावर लोखंड घासत असते, गाडी थांबायला जास्त अंतर लागते. आवाज एकाच चाकातून येतो आणि तेच चाक जास्त तापते, तर बहुधा कॅलिपरची पिन अडकलेली असते. घाट उतरल्यावर आवाज सुरू झाला तर तापलेल्या पॅडवर काचेसारखी चकाकी आलेली असू शकते. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकावा, सारा भार ब्रेकवर देऊ नये.

थर न मोजता पॉलिश पेपर मारणे किंवा ती पट्टीच वाकवणे म्हणजे इशारा पुसणे. ग्रीस लावायचे ते उष्णता सोसणारे, पॅडच्या पाठीला आणि पिनेला. घासणाऱ्या बाजूला लागले तर पॅड बदला, तेही दोन्ही चाकांचे जोडीने.

खरा धोका मात्र बिनआवाजाचा आहे. ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारायची, ही आपल्या अनेक गॅरेजांची रीत. समोर तोंडाला काही न बांधता हाताखालचा मुलगा बसलेला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर भारतात सरसकट बंदी नाही, त्यामुळे जुन्या किंवा बिननावाच्या स्वस्त लायनरमध्ये ते नसेलच असे धरून चालता येत नाही. त्याच्या तंतूंमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा काही दशकांनी उघडकीस येतो. तोवर त्या मुलाने गॅरेज कधीच सोडलेले असते. ‘युरो ७’सारखे नियम उद्या इथे आले तरी ते नव्या गाड्यांसाठी असतील, त्याच्यासाठी नाहीत. त्याच्यासाठी ओले फडके किंवा ब्रेक क्लीनर पुरे आहे. काम सुरू होण्याआधी ‘हवा मारू नका, पुसून घ्या’ एवढे मेकॅनिकला सांगा आणि पॅडच्या खोक्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसविरहित’ लिहिले आहे का तेही पाहा.