चूक कोणाची?

“पोरी, कॉलेजात शिकतेस ना? मग एवढं जमत नाही होय?”

तात्यांचा हा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. तात्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. संध्याकाळी दोन तास मी तेथे हिशेब लिहिते. त्यातून माझा एस.टी.चा पास आणि वह्यापुस्तके निघतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. साहजिकच गावाच्या लेखी मला सारे आले पाहिजे : बँकेचा फॉर्म, औषधाची चिठ्ठी आणि संगणकसुद्धा!

झाले होते एवढेच. कचेरीतल्या संगणकावर ज्या प्रोग्रॅममध्ये संस्थेची ई-मेल येते, त्याने एके दिवशी दार बंद केले. पडद्यावर एकच वाक्य : ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ तात्यांच्या डायरीत पासवर्ड स्वच्छ अक्षरात लिहिलेला. मी तो चार वेळा घातला. कॅपिटल अक्षरांचे बटण चालू नाही ना, तेही पाहिले. उत्तर तेच. पशुखाद्याच्या दराचे पत्र आत अडकलेले आणि बाहेर सभासद विचारायला उभे. मला घाम फुटला. मन म्हणाले, चूक तुझीच.

मित्रमैत्रिणींनो, नेमके येथेच मला माझे मत मांडायचे आहे. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना एक खोड असते. कोणतेही दार उघडले नाही की, आपणच चुकलो असे आपण धरून चालतो. फॉर्म परत आला, आपण चुकलो. खिडकीवरचा माणूस ओरडला, आपण चुकलो. आणि यंत्रानेच ‘चुकीचे’ म्हटले, मग तर बोलणेच खुंटले!

दुसऱ्या दिवशी तात्या तालुक्याच्या एका दुकानदाराला पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी फोनवरून सांगायला निघाले. मी म्हणाले, “तात्या, आजचा दिवस थांबा.” मग मी एक साधी गोष्ट केली. तोच पासवर्ड मेल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घालून पाहिला. दार लगेच उघडले! म्हणजे पासवर्ड बरोबर होता. चुकीची होती ती तो दाखवण्याची रीत. आत कंपनीची एक इंग्रजी सूचना कित्येक आठवडे न वाचलेली पडून होती. जुनी रीत बंद होणार, असे तिच्यात लिहिलेले होते.

ही रीत काय, ते समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी प्रोग्रॅम आपला पासवर्ड जवळ ठेवी आणि दर वेळी तोच सर्व्हरला दाखवी. नव्या रीतीत, म्हणजे ‘ओऑथ २’ मध्ये, आपण पासवर्ड फक्त कंपनीच्या पानावर घालतो आणि कंपनी प्रोग्रॅमला एक वेगळा परवाना देते. शेजारच्या मुलाबरोबर दूध पाठवताना आपण त्याच्या हाती संस्थेचे कार्ड देतो, घराची किल्ली देत नाही, तसेच हे. परवाना रद्द करता येतो, किल्ली आपल्याकडेच राहते. ‘ओऑथ २’ चे मानक ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गूगलने खासगी खात्यांसाठी जुनी रीत ३० मे २०२२ पासून बंद केली. मायक्रोसॉफ्टने संस्थांच्या खात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून ती बंद करायला सुरुवात केली आणि खासगी खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ रोजी.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाऊन ओळख पटवण्याच्या पद्धतीत ‘साधा पासवर्ड’ ऐवजी ‘ओऑथ २’ निवडले आणि साठवलेला जुना पासवर्ड पुसला. कचेरीत आवक आणि जावक अशा दोन वह्या असतात, तसे येथेही दोन सर्व्हर असतात. मी आधी आवकच बदलली. त्यामुळे पत्रे आली, पण जाईनात! जावक बदलल्यावर तेही सुटले. ज्यांचा प्रोग्रॅम फार जुना आहे, त्यांना काही कंपन्या निराळा ‘ॲप पासवर्ड’ देतात. गूगलचा सोळा अक्षरांचा असतो आणि त्यासाठी द्विस्तरीय पडताळणी चालू असावी लागते.

बदल योग्यच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या वाक्याबद्दल. ‘ही रीत बंद झाली आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणणे म्हणजे आपला बदल दुसऱ्याच्या माथी मारणे होय. आणि सूचना मराठीत असती, तर तात्यांनी ती पहिल्याच दिवशी वाचली असती. अशा भाषेच्या भिंतीपाशीच माणूस ओटीपी परक्याच्या हाती देतो. आपल्या भित्तिपत्रकात अशा गोष्टींसाठी एक मराठी रकाना असावा, अशी माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. पहिला मजकूर मी लिहून देईन.

तात्यांनी दराचे पत्र वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “म्हणजे माझ्या डायरीत बरोबरच होतं की!” त्या माणसालाही दोन दिवस आपलेच चुकले असे वाटत होते, हे मला तेव्हा कळले.

— द्वितीय वर्ष, कला