वेबसाइट कोणाच्या नावावर?

कॉलेजात असताना मी दोन वेबसाइट बनवल्या. एक प्रोजेक्टसाठी. मार्क मिळाले, विषय संपला. दुसरी लोअर परळमधल्या आमच्या वस्तीसाठी. त्यात जयंतीचे जुने फोटो, स्मरणिका, गिरणी कामगारांच्या आठवणी होत्या. माझा सत्कारही झाला. पण डोमेन माझ्या नावावर, पासवर्ड माझ्याकडे, फी माझ्या खिशातून. एका वर्षी नोकरी शोधण्याच्या धावपळीत फी भरायची राहिली आणि वेबसाइट बंद पडली. चूक माझी होतीच. पण एकट्या माझी नव्हती.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला. आपले म्हणणे मांडायला साधनही आपलेच लागते. म्हणून चळवळीने स्वतःचा छापखाना उभा केला. दादरचा बुद्धभूषण छापखाना २०१६ मध्ये पाडला, तेव्हा आपण हजारोंनी रस्त्यावर उतरलो. वेबसाइट मात्र गुपचूप मरते. तिच्यासाठी मोर्चा निघत नाही.

आज ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. उद्या चाळ उरेल ती नोंदींतच. म्हणून जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा डोमेन-होस्टिंगसाठी काढा. नोंदणी मंडळाच्या नावे करा, पासवर्ड दोघा-तिघांकडे ठेवा. स्मरणिकांचे नुसते फोटो टाकू नका, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. नाहीतर शोधणाऱ्याला तो सापडणार नाही.

पोरांचे सत्कार नंतर करा. आधी जबाबदारी वाटून घ्या.

जय भीम!