'देऊळ' बघून हसलेली माणसं

परवा नातवाने घरी 'देऊळ' लावला. २०११ चा चित्रपट. उमेश कुलकर्णींचं दिग्दर्शन, गिरीश कुलकर्णींचं लेखन. आम्ही सगळे पोट धरून हसलो.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. मंगरूळच्या केशाला गाय शोधताना झाडाखाली दत्त दिसतात. अण्णांना गावात दवाखाना हवा असतो, पण उभं राहतं देऊळ. मग दुकानं, गर्दी, गाणी-बजावणी. देव राहतो बाजूला, बाजार भरतो!

काही मंडळी म्हणतात, असे चित्रपट श्रद्धेची टिंगल करतात. साफ खोटं! टिंगल आपली आहे, आणि ती आपल्याला लागतच नाही. त्यातलं 'वेलकम हो राया' घ्या. बाजारू उत्सवावर बोट ठेवणाऱ्या चित्रपटातलं ते नाचगाणं. आमच्या गल्लीत ते वरातीत वाजलं आणि पोरं बेभान नाचली. चिमटा काढला तर आपण त्याच्यावरच ठेका धरला! पैसे देऊन घेतलेलं हसूसुद्धा आपण वापरून फेकून देतो.

आता माझं सांगतो. गेल्या गणपतीत मंडळाची पोरं वर्गणीला आली. मी म्हटलं, "बाबांनो, यंदा गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी एक व्हीलचेअर घ्या." "गुरुजी, वर्षातून एकदाच तर डीजे असतो!" असं म्हणाली. मी ५०१ रुपये दिले, पावती खिशात घातली. विसर्जनाच्या रात्री खिडक्यांची तावदानं थरथरत होती. शेजारच्या हृदयविकाराच्या आजी उशी कानावर दाबून पडल्या होत्या. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे नियम २००० सालापासून आहेत. मला ते पाठ होते. तरी बाहेर जाऊन बोललो नाही. पस्तीस वर्षं वर्गात "आवाज बंद!" म्हणून ओरडलो, तो मी!

म्हणून पोरांना नावं ठेवायचा हक्क मला नाही. डीजे वाजवणारा दोषी, तसा पावती फाडणाराही. मंगरूळचं देऊळ एकट्या पुढाऱ्याने नाही बांधलं.

यंदा वर्गणी देणार, पण डीजेला नाही. व्हीलचेअर येणार असेल तरच. म्हातारा चळला म्हणतील. म्हणोत!

तुमच्या गल्लीत कोणाच्या पैशाने वाजतं हो?