फोनच्या पलीकडे माणूस हवा

एचआयव्हीबाधित गरोदर मातेने औषधे न चुकता घेतली, तर बाळाला लागण होण्याचा धोका पाच टक्क्यांच्या खाली येतो. उपचारच नसतील तर तो 15 ते 45 टक्के असतो. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, अडते ते सातत्यापाशी. अहमदपूर तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा गरोदर बाईही कोयता घेऊन जाते आणि तिच्या पुढच्या तपासणीची तारीख इथल्या रजिस्टरमध्येच राहते. फडापर्यंत सोबत जातो तो मोबाइल.

मात्र नुसत्या आठवणीच्या संदेशांवर भिस्त ठेवू नये. दक्षिण भारतातील 631 रुग्णांच्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याच्या यांत्रिक कॉलचा आणि चित्रसंदेशाचा उपयोग दिसला नाही. केनियातील 2010 च्या अभ्यासात साप्ताहिक एसएमएसने फरक पडला. तिथे संदेश फक्त खुशाली विचारी आणि अडचण कळवली की आरोग्य कर्मचारी स्वतः फोन करी. आमच्या मते खरे बळ त्या उलट फोनात होते. फोन नवऱ्याच्या हाती असतो, गुपित फुटेल, हा आक्षेप रास्तच आहे. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेला संरक्षण दिले आहे. म्हणूनच संदेशात आजाराचे नाव नको आणि क्रमांक, वेळ तिनेच ठरवावी. टोळ्या निघण्यापूर्वी जिल्हा आरोग्य यंत्रणेने अशा प्रत्येक मातेला एका समुपदेशकाशी आणि साखर कारखान्याजवळच्या एआरटी (एचआयव्ही औषधोपचार) केंद्राशी जोडून द्यावे.