फर्स्ट कॉपी घड्याळ : पैसे नेमके कशाचे?

दहावी-बारावीचा निकाल असो, नवी नोकरी असो की बाबांची साठी, भेट म्हणून घड्याळ आजही हमखास दिलं जातं. आणि मोबाईलवर समोर येतं नामांकित ब्रँडचं ‘फर्स्ट कॉपी’ घड्याळ, फक्त दोन हजारांत! पण या पैशांत ते खरंच मजबूत असतं का?

विकणारा सांगतो, “वेळ अगदी बरोबर दाखवतं.” दाखवेलच. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे स्वस्तातलं मशीनही वेळ फारशी चुकवत नाही. म्हणून वेळेवरून दर्जा ठरवू नका.

दर्जा कळतो बाकीच्या भागांत. नकली घड्याळात खर्च होतो तो चेहऱ्यावर. डायलवरची छोटी चक्रं बहुतेकदा नुसती शोभेची असतात. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं, पण आत पाणी अडवणारं रबर धड नसतं. घामाने मुलामा उडतो, कधी मनगटावर पुरळ येतं. बिघडलं तर सुटे भाग मिळत नाहीत, आणि वॉरंटीचं तर नावच नको.

स्वस्त म्हणजे तकलादू असंही नाही. आमच्या कुवेंपुनगरपासून तीन-चार तासांवरच्या बंगळुरात एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. चावीचं, १७ ज्वेलचं ‘जनता’ सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं होतं. कितीतरी घरांत आजोबांचं ‘जनता’ अजून टिकटिकतंय!

२०१६ मध्ये हा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचा निर्णय झाला आणि जुन्या एचएमटीचा भाव वाढला. त्यातही नकली माल असतो. जुनं मशीन, वर नव्याने रंगवलेली भडक डायल. संग्राहक याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मशीन खरं असू शकतं, पण ते किती झिजलंय, कुठल्या घड्याळाचे भाग जोडलेत, हे बाहेरून कळत नाही.

घेताना एवढं बघा :

• डायलवरची अक्षरं पुसट किंवा तिरकी आहेत का?
• छोटी चक्रं आणि बाजूची बटणं खरंच काम करतात का?
• पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मिळतंय का?
• जुनं घड्याळ असेल तर कारागिराकडून मागचं झाकण उघडून घ्या.

शिवाय नकली ब्रँडचा माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. म्हणूनच असा विक्रेता बिल देत नाही आणि तक्रार घेऊन जाल तेव्हा सापडतही नाही.

त्याच दोन हजारांत स्वतःच्या नावाने विकली जाणारी साधी, टिकाऊ घड्याळं मिळतात. तिथे पैसे मशीनला, काचेला, पट्ट्याला लागतात. कॉपीत ते दुसऱ्याच्या नावाला लागतात. बाबांच्या हातावर काय बांधायचं, ते आता तुम्हीच ठरवा!