स्वयंसेवक कोणास म्हणावे?

पावसाळ्याचे ढग सातपुड्यावर उतरू लागले की मुंबई, पुणे, नागपूर येथून तरुणांच्या तुकड्या मेळघाटाकडे निघतात. पाठीवर औषधांच्या पिशव्या, हाती वजनकाटा व दंडाचा घेर मोजण्याची पट्टी, बरोबर गूळ-शेंगदाण्याची पोती. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह-हरिसालमार्गे ते धारणीच्या बाजूस जातात, गावात दहा-पंधरा दिवस राहतात, चिखल तुडवीत घरोघर फिरतात आणि परत येतात. १९९० च्या दशकापासून हा क्रम चालू आहे. त्यांत आपल्या विचाराचे विद्यार्थी व तरुण कामगारही असतात. रजा खर्ची घालून, पदरचे पैसे मोडून जाणाऱ्या या तरुणांविषयी कोणासही आदरच वाटेल. त्यांच्या कामास ‘सुधारणावादी मलमपट्टी’ म्हणून नाक मुरडणारे पंडित आपल्यातही आहेत. त्यांनी एकवार तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन रात्र काढावी व मग सिद्धांत सांगावा.

परंतु आदर बाळगूनही एक प्रश्न विचारला पाहिजे. अकराव्या दिवशी, तुकडी परतल्यावर, त्या गावात काय उरते?

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व धारणी हे दोन तालुके. तीनशेहून अधिक गावे, बहुसंख्य वस्ती कोरकू आदिवासींची. १९७४ साली येथे व्याघ्रप्रकल्प झाला आणि ज्या जंगलावर ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या जगली त्याच जंगलात ती घुसखोर ठरली. १९९३ साली येथील बालमृत्यूंनी वर्तमानपत्रांची पहिली पाने व्यापली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मंत्र्यांचे दौरे झाले, योजना निघाल्या. तेव्हापासून मेळघाट व कुपोषण हे शब्द जोडीनेच उच्चारले जातात, जणू काही भूक हा त्या डोंगराचा भूगोल आहे.

भूक हा भूगोल नव्हे. तिला वेळापत्रक आहे. श्रावण-भाद्रपदात घरातले जुने धान्य संपलेले असते, नवे शेतात उभे असते. पूर्वी कोदो, कुटकी, ज्वारी निदान कणगीत पडत असे. आता बऱ्याच शेतांत सोयाबीन आहे, जे विकता येते पण पोराच्या ताटात वाढता येत नाही. नेमक्या याच दिवसांत आई पहाटेपासून निंदणीला गेलेली असते आणि तान्हे मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. नाल्याचे गढूळ पाणी पोटात जाते, जुलाब लागतात. धष्टपुष्ट मूल चार दिवसांत उठून बसेल. ज्याच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी आहे ते उठत नाही, जुलाब थांबले तरी छातीत कफ धरतो. पूल पाण्याखाली असतो, गाडी पलीकडच्या तीरावर थांबलेली असते. पुढे मृत्यूच्या नोंदीत ‘न्यूमोनिया’ असे लिहिले जाते. भूक असा रकानाच त्या नोंदवहीत नसतो.

या साखळीची एखादी कडी बाहेरून गेलेला स्वयंसेवक निश्चित तोडू शकतो. तो मुलांचे वजन करतो, मीठ-साखरेचे पाणी पाजावयास शिकवितो, धापा टाकणारे मूल ओळखून त्यास रुग्णालयात नेण्यासाठी आईची मनधरणी करतो. यांतून जीव वाचतात, यात शंका नाही. मात्र त्याच्या कामाच्या मर्यादा त्याच्या ध्यानात येतातच असे नाही. काही वर्षांपूर्वी अशा एका तुकडीबरोबर प्रस्तुत लेखक गेला होता. व्यवसाय भाषांतराचा, म्हणून जुलाबावरील माहितीपत्रक मराठीत उतरविण्याचे काम आपसूक त्याच्याकडे आले आणि ते त्याने मोठ्या निगुतीने केले. ‘निर्जलीकरण’, ‘क्षारसंजीवनी’, सारे शुद्ध. गावातील आशाताईंनी ते पत्रक उभ्याउभ्याच वाचले, घडी घालून पोलक्यात ठेवले आणि अंगणात जमलेल्या बायांना तीन-चार वाक्यांत कोरकूत काहीतरी सांगितले. बाया हसल्या, उठल्या व पाणी उकळावयास लागल्या. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती, परंतु कळली ती त्या अंगणात.

त्या आशाताई अकराव्या दिवशीही तेथेच होत्या. त्यांचे सरकारी पदनाम काय आहे? ‘आशा स्वयंसेविका’.

येथे शब्दांचा विचार केला पाहिजे. मुंबईहून गेलेला पदवीधर दहा दिवस स्वयंसेवक असतो; तो त्याचा स्वेच्छेचा निर्णय आहे व त्याची नोकरी पाठीमागे शाबूत आहे. डोंगरातील बाई बारा महिने, रात्री-अपरात्री, गरोदर बाईस घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहते आणि तिलाही ‘स्वयंसेविका’च म्हणतात. पहिल्या ठिकाणी हा शब्द गौरवाचा आहे. दुसऱ्या ठिकाणी तो वेतन चुकविण्याचा मार्ग आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद निर्माण झाले तेव्हापासून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. अंगणवाडी सेविकेस १९७५ पासून आहे ते ‘मानधन’. आपल्या भाषेत मानधन हा शब्द व्याख्याता, कीर्तनकार वा परीक्षक यांस द्यावयाच्या रकमेसाठी होता. तो उचलून राज्यकर्त्यांनी लक्षावधी श्रमिक स्त्रियांच्या मजुरीवर चिकटविला. कामगार म्हटले की किमान वेतन आले, भविष्यनिर्वाह निधी आला, निवृत्तिवेतन आले. स्वयंसेविका म्हटले की एक साडी व प्रशस्तिपत्र पुरते.

२०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांस कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. ती कागदावर राहिली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निर्णय दिला. त्यानंतरच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जाहीर सन्मान केला व येथील सत्ताधाऱ्यांनी त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. महाराष्ट्रातील आशांना मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये संप करावा लागला, दिलेले आश्वासन पाळले गेले नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा करावा लागला आणि फेब्रुवारीत आझाद मैदानावर बिऱ्हाड मांडून बसावे लागले.

गावातील बाईच्या हातून हे काम खरोखर होते काय, अशी शंका काढणाऱ्यांस गडचिरोलीचे उत्तर आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत अल्पशिक्षित स्त्रियांस नवजात बालकाची काळजी घेण्याचे, श्वास मोजण्याचे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देण्याचेही शिक्षण दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. डॉक्टर घरोघर गेले म्हणून हे झाले नाही. घरी राहणाऱ्या बाईस विद्या मिळाली म्हणून झाले. बंग दांपत्याची विचारसरणी आपली नव्हे; अनुभव मात्र कोणाचाही असो, तो शिकावयाचा असतो.

आपल्या परंपरेतही हा धडा नवा नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून चीनला निघालेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. पथकातील इतर यथाकाल परतले. कोटणीस मात्र वुताई पर्वताच्या मुलखात, जपानी सैन्याच्या वेढ्यात राहिले. रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची घरे, औषधांची सदैव वानवा. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे कम्युनिस्ट शल्यवैद्य त्याच प्रदेशात नोव्हेंबर १९३९ मध्ये, शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले. या कथेवर चित्रपट निघाला, तिच्यातील त्याग सर्वांस ठाऊक आहे. जे फारसे सांगितले जात नाही ते असे की कोटणीस चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांस शिकवीत असत, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी मृत्यू आला तेव्हा ते शल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकाचे लेखन करीत होते. शस्त्रक्रिया त्यांच्याबरोबर संपल्या असत्या. त्यांनी शिकविलेले हात राहिले.

८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर क्यूबाने पाकिस्तानच्या बाजूस दोन हजारांहून अधिक वैद्यकीय स्वयंसेवक पाठविले. त्यांनी ३२ तात्पुरती रुग्णालये उभारली, हिमवर्षावात तंबूंतून मुक्काम केला व मे २००६ पर्यंत काम केले. पथकात स्त्री-डॉक्टरांची संख्या मोठी होती, त्यामुळे परपुरुषासमोर न येणाऱ्या डोंगरी स्त्रियांस प्रथमच कोणी तपासले. पुढे पाकिस्तानातील एक हजार तरुणांस वैद्यकीय शिक्षणासाठी क्यूबाने शिष्यवृत्त्या देऊ केल्या. इतक्या दूरच्या व इतक्या लहान देशासही हे सुचले.

आता अन्नाविषयी. पोते वाटणे सोपे असते आणि त्याचे छायाचित्रही चांगले येते. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो व अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्य हा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. डोंगरात हा हक्क कोठे अडतो? यंत्रावर अंगठा उमटत नाही, उमटला तर नेटवर्क नसते, सून कार्डावर नसते, बाळ तर नसतेच. गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून आहे. ते जेवण दररोज शिजते काय, किराण्याचे पैसे सेविकेस वेळेवर मिळतात काय, की ती स्वतःच्या उधारीवर गाव जेववीत आहे? २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या योजनांस हक्काचे रूप दिले ते सरकारी कोठारे धान्याने ओसंडत असताना माणसे उपाशी होती म्हणून. कोठार भरलेले आणि चूल थंड, ही विसंगती पाठीवरच्या पिशवीने मिटत नाही. दहा दिवसांत दहा कार्डांवर मुलांची नावे चढविणारी तुकडी शंभर पोत्यांहून अधिक अन्न गावात ठेवून येते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी साथींनी हा प्रश्न दूरचा मानू नये. कोरकू वस्ती बऱ्हाणपूर, खंडवा, बैतूल येथेही आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याचे आदिवासी दिवाळीनंतर ऊसतोडीस दक्षिण गुजरातेत उतरतात व सुरत जिल्ह्यातील पडावांवर खोपटांत राहतात. गावच्या अंगणवाडीच्या यादीतून त्यांची मुले ‘स्थलांतरित’ म्हणून गळतात, पडावाच्या ठिकाणी ती कोणाच्याच यादीत नसतात. पावसाळ्यात आपण ज्यांच्यासाठी डोंगर चढतो तीच मुले हिवाळ्यात सुरतेच्या साथींपासून सायकलच्या अंतरावर असतात. तेथे जाण्यास रजा लागत नाही. एक रविवार, एक वजनकाटा आणि मामलतदाराकडे द्यावयाचा अर्ज एवढे पुरे.

तुकडी पाठविणाऱ्या शाखांनी निघण्यापूर्वी त्या गावच्या आशा व अंगणवाडी सेविकांशी बोलून त्यांना कोणती मदत हवी ते विचारावे, व गावात त्यांच्या सांगण्याप्रमाणे काम करावे. परतल्यावर द्यावयाच्या अहवालात किती पोती वाटली हा रकाना शेवटी असू द्यावा. त्याआधी लिहावे की कार्डावर किती नावे चढली, उपकेंद्राचे दार किती दिवस उघडे होते, कोणती जागा किती महिने रिकामी आहे आणि आशाताईंचा किती महिन्यांचा मोबदला थकला आहे. तो अहवाल जिल्हा परिषदेच्या दारात नेताना त्यांनाही बरोबर घ्यावे. कोरकूत बोलतील, मराठीत आपण करू.