चुकलेल्या तारखांचा हिशेब द्या

मा. अध्यक्ष,
भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो), बेंगळुरू यांस

महोदय,

फेब्रुवारी 2024 मध्ये इन-स्पेस या सरकारी संस्थेने देशाच्या उड्डाणांचं वेळापत्रक जाहीर केलं. मार्च 2025 पर्यंत सुमारे 30 उड्डाणं होणार होती. त्यात गगनयानच्या चाचण्या आणि खासगी कंपन्यांची उड्डाणंही धरलेली होती, हे मान्य. पण जानेवारी 2024 पासून त्या मुदतीत श्रीहरिकोट्याहून कक्षेकडे निघालेले प्रक्षेपक मोजले, तर 6 भरतात. बाकीच्यांचं काय अडलं? इंजिन तयार नव्हतं, उपग्रह तयार नव्हते, की आकडाच अंदाजाने लिहिला होता? वेळापत्रक इन-स्पेसने काढलं असलं, तरी प्रक्षेपक बहुतांशी तुमचे होते. उत्तरही तुमच्याकडूनच हवं.

पुन्हा वापरता येणाऱ्या प्रक्षेपकाबाबत तर हा प्रकार सहन होण्यापलीकडे गेला आहे. 23 मे 2016 रोजी तुमचं पंखवालं आरएलव्ही 65 किलोमीटर उंची गाठून, ध्वनीच्या पाचपट वेगाने वातावरणात परत शिरून बंगालच्या उपसागरात उतरलं. तो दिवस अभिमानाचाच होता. पुढची चाचणी, चित्रदुर्गच्या धावपट्टीवर उतरण्याची, झाली 2 एप्रिल 2023 ला. मधे जवळपास सात वर्षं गेली. मार्च आणि जून 2024 मध्ये आणखी दोनदा ‘पुष्पक’ नावाचं आरएलव्ही हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटरवरून सोडलं गेलं आणि मार्गावरून बाजूला सोडूनही स्वतःहून नेमकं धावपट्टीवर उतरलं. काम करणारी माणसं उत्तम आहेत, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. मग कक्षेत जाऊन परत येण्याची चाचणी कधी, हे एवढ्या उत्तम माणसांच्या संस्थेला ठामपणे का सांगता येत नाही?

याच काळात जग कुठे गेलं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. फाल्कन 9 चा पहिला टप्पा डिसेंबर 2015 मध्ये जमिनीवर परतला, मार्च 2017 मध्ये एक वापरलेला टप्पा पुन्हा उडाला आणि 2024 या एका वर्षात फाल्कनची 130 हून अधिक उड्डाणं झाली. त्याच वर्षी आपली 5 झाली. 2025 मध्येही 5. नोव्हेंबर 2024 मध्ये आपला 4,700 किलोचा जीसॅट-एन2 फ्लोरिडातून, त्याच फाल्कनवर पाठवावा लागला, कारण तेवढं वजन उचलणारा प्रक्षेपक आपल्याकडे नव्हता.

सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला 8,240 कोटी रुपये दिले. पहिला टप्पा परत आणायचा, 30 टन वजन पृथ्वीजवळच्या कक्षेत न्यायचं, मुदत 96 महिने. म्हणजे 2032. या मुदतीवर विश्वास ठेवायचा कसा? सेमी-क्रायोजेनिक इंजिनाला डिसेंबर 2008 मध्ये मंजुरी मिळाली होती, सहा वर्षांत ते पूर्ण व्हायचं होतं. त्याच्या मुख्य भागाची पहिली यशस्वी ज्वलन चाचणी महेंद्रगिरीला झाली मार्च 2025 मध्ये, अडीच सेकंदांची. सोळा वर्षं उलटून गेली होती! वालचंदनगरला तुमच्या रॉकेट मोटर्सची आवरणं बनतात, विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात. नवं यंत्र कधी घ्यायचं, किती कारागीर तयार करायचे, हे अशा कारखान्यांनी तुमच्या तारखा पाहून ठरवायचं असतं. तारीख दहा वर्षांनी सरकते तेव्हा त्या निर्णयांचं काय होतं, याचा विचार बेंगळुरूत कोणी करतं का?

अपयशाबद्दल माझी तक्रार नाही. लपवण्याबद्दल आहे. ऑगस्ट 2021 मध्ये जीएसएलव्ही-एफ10 कोसळलं, तेव्हा हायड्रोजनच्या टाकीतला दाब झडपेच्या गळतीमुळे कसा कमी पडला, हे तुम्ही लोकांना सांगितलंत. चांद्रयान-2 का आपटलं हेही सांगितलंत आणि 500 मीटर लांबी-रुंदीची उतरण्याची जागा वाढवून 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केलीत. म्हणून तर चांद्रयान-3 उतरलं. मग 18 मे 2025 ला पीएसएलव्ही-सी61 तिसऱ्या टप्प्यात फसलं, तेव्हा चौकशीचा अहवाल बंद का ठेवलात? 12 जानेवारी 2026 ला सी62 उडेपर्यंत तो लोकांसमोर आला नाही, आणि बिघाड पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात झाला. आपल्या सर्वांत भरवशाच्या प्रक्षेपकाची लागोपाठ दोन उड्डाणं गेली, दुसऱ्या वेळी 16 उपग्रह घेऊन. अहवाल उघड असता, बाहेरच्या तज्ज्ञांनी चार प्रश्न विचारले असते, तर सी62 वाचलं असतं का? हा प्रश्न विचारण्याची वेळ तुम्हीच आणली आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सी61 आणि सी62 चे अहवाल प्रसिद्ध करा; संरक्षणाशी संबंधित भाग वगळलात तरी चालेल. आरएलव्हीच्या कक्षीय चाचणीची आणि नव्या प्रक्षेपकाच्या मिथेन इंजिनाच्या प्रत्येक टप्प्याची तारीख जाहीर करा. दर तीन महिन्यांनी कोणती तारीख पाळली, कोणती चुकली आणि का, हे लेखी सांगा, आणि पहिलं निवेदन येत्या तिमाहीतच काढा. 8,240 कोटी ज्यांच्या खिशातून गेले, त्यांना एवढं कळलंच पाहिजे.

आपला,
एक करदाता